मनगटापर्यंतचे नाके

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘करोडगिरी’ हा शब्द अजून कधीमधी येतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या सीमाशुल्क खात्याचे हे नाव. जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या संस्थानात होते. मुंबईहून निघालेला माल मनमाडला गाडी बदलून जालन्याकडे यायचा आणि संस्थानाची हद्द लागली की त्याची नोंद व्हायची, मोल ठरायचे, शुल्क भरावे लागायचे. ईस्ट इंडिया कंपनीबरोबर १८०२ साली झालेल्या व्यापारी कराराने हे शुल्क मालाच्या किमतीच्या पाच टक्के धरले होते. म्हणजे विलायती घड्याळ जालन्यात येईपर्यंत दोन नाके ओलांडायचे, एक मुंबईच्या बंदरावरचा आणि दुसरा करोडगिरीचा. त्यात चलनही निराळे. संस्थानात ‘हाली’ रुपया चाले, इंग्रजी मुलखात ‘कलदार’. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मुंबईच्या दुकानदाराला पैसे पाठवायचे तर आधी ही मोड करावी लागे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या कॅम्पांतल्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाकेच लक्ष्य केले, कारण सामान्य माणसाला निजामाची सत्ता रोज भेटायची ती तिथे.

आज जालन्यातला तरुण रात्री मोबाइलवर जपानी किंवा स्विस घड्याळ पाहतो, कार्डाने पैसे भरतो आणि वाट पाहत बसतो. करोडगिरी गेली, पण नाका गेलेला नाही. चलनाची मोड, मोल ठरवणे, शुल्क आणि पावती ही चारही कामे तशीच आहेत, फक्त डोळ्यांआड झाली आहेत. ती कशी होतात, हे खरेदीआधी ज्याला माहीत आहे त्याला पार्सल दारात आल्यावर धक्का बसत नाही. बाकीच्यांना बसतो. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

घड्याळ सोन्याच्या शेजारी का बसले?

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरण्याचे धोरण आले आणि आयातीवर कडक बंधने पडली. देशातच घड्याळ बनावे म्हणून एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे १९८४ साली टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन उभी राहिली. जालना, परतूर, अंबडकडच्या लग्नांत जावयाला घड्याळ देण्याची रीत ज्या काळात रुजली, त्या काळात ते घड्याळ बहुतेक वेळा एचएमटीचेच असायचे.

तरीही विदेशी घड्याळाची ओढ होतीच. मागणी मोठी आणि सरळ वाट बंद, मग चोरवाट निघाली. घड्याळ हे तस्करीसाठी अगदी सोयीचे होते. छोटे, हलके, मौल्यवान आणि सहज लपणारे. पश्चिम किनाऱ्यावर सोन्याच्या बिस्किटांबरोबर घड्याळेही उतरत. त्या दिवसांची खूण कायद्यात आजही जशीच्या तशी आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याच्या कलम १२३ मध्ये सोने, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळे यांची नावे एका ओळीत आहेत. या वस्तू तस्करीच्या आहेत अशा रास्त समजुतीने अधिकाऱ्याने जप्त केल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे त्या सापडल्या त्याच्यावर येते. एरवी आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. इथे उलटे आहे.

हे कलम नीट लक्षात ठेवा. परदेशातून घड्याळ घेणाऱ्याच्या हातात घड्याळाइतकाच मोलाचा दुसरा ऐवज असतो, तो म्हणजे त्याचे कागद. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती फिरते.

शुल्काची शिडी

घड्याळावर किती टक्के लागतात, असे लोक विचारतात. उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण शुल्क पायरीपायरीने चढते आणि प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असते.

पहिली पायरी किमतीची. सीमाशुल्क विभाग घड्याळाच्या बिलातल्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरतो. विम्याचा आकडा कळत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरला जातो. वाहतुकीचा कळत नसेल तर २० टक्के. विमानाने आलेल्या मालाला एक दिलासा आहे. प्रत्यक्ष भाडे कितीही असले तरी शुल्कासाठी ते किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. परकीय चलनाचे रुपये करताना विभागाने स्वतः जाहीर केलेला दर वापरतात, तुमच्या कार्डाच्या बँकेने लावलेला नव्हे. म्हणून दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. हाली आणि कलदारचाच हा नवा अवतार.

दुसरी पायरी मूळ सीमाशुल्काची. जगातल्या बहुतेक देशांत मालाला एकाच पद्धतीचे सांकेतिक क्रमांक आहेत. घड्याळांचे प्रकरण ९१ वे. त्यात शीर्षक ९१०१ हे सोन्यासारख्या मौल्यवान धातूच्या केसच्या मनगटी घड्याळांचे आणि ९१०२ हे इतर मनगटी घड्याळांचे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांसाठी भंगार आयात करणाऱ्यांना हे क्रमांक तोंडपाठ असतात, कारण क्रमांक चुकला की दर चुकतो. भंगाराच्या कंटेनरला जो नियम, तोच मनगटावरच्या घड्याळाला. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात मनगटी घड्याळांवरचे मूळ शुल्क १० वरून २० टक्के झाले.

तिसरी पायरी समाजकल्याण अधिभाराची. तो मूळ शुल्काच्या १० टक्के असतो, किमतीच्या नव्हे. म्हणजे २० टक्क्यांवर आणखी दोन.

चौथी पायरी वस्तू आणि सेवा कराची. हा कर किंमत, मूळ शुल्क आणि अधिभार यांच्या एकूण बेरजेवर लागतो. घड्याळे सुरुवातीला २८ टक्क्यांच्या गटात होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती १८ टक्क्यांत आली.

आता हिशेब मांडू. समजा, घड्याळाची किंमत २०,००० रुपये आणि कुरिअरचा खर्च २,००० रुपये. विमा धरला २२५ रुपये. एकूण २२,२२५. त्यावर २० टक्के मूळ शुल्क ४,४४५ रुपये. त्याच्या १० टक्के अधिभार ४४४ रुपये ५० पैसे. तिन्हींची बेरीज २७,११४ रुपये ५० पैसे. तिच्यावर १८ टक्के, म्हणजे सुमारे ४,८८१ रुपये. सरकारजमा रक्कम झाली साधारण ९,७७० रुपये, म्हणजे २२,२२५ च्या जवळजवळ ४४ टक्के. पडद्यावर २० हजारांचे दिसलेले घड्याळ हातात येईपर्यंत पावणेबत्तीस हजारांना पडले. कुरिअर कंपनी तुमच्या वतीने शुल्क आधी भरते, त्याचे सेवाशुल्क आणि त्या सेवाशुल्कावरचा कर आणखी वेगळा.

व्यापारी आणि घरगुती ग्राहक

वरची शिडी ९१०२ या शीर्षकाची, म्हणजे मुख्यतः व्यापारी आयातीची आहे. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने मागवलेल्या वस्तूंना कायद्यात वेगळे शीर्षक आहे, ९८०४. तिथे वस्तू कोणती हे दुय्यम ठरते आणि सरसकट दर लागतो. २०१८ नंतर काही वर्षे हा मूळ दर ३५ टक्के होता, वर अधिभार आणि २८ टक्के कर. शिडी चढून गेल्यावर बेरीज ७७.२८ टक्के व्हायची. आपल्या उदाहरणातल्या घड्याळावर ९,७७० ऐवजी १७,१७५ रुपये. अनेकांना ‘शुल्क दुपटीने लावले, चूक झाली’ असे वाटायचे. ती चूक नव्हती, शीर्षक वेगळे होते.

पुढे दर उतरत गेले. २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या आयात मालावरचा मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. दर बदलत राहतात, शिडीची रचना मात्र तशीच राहते. म्हणून टक्के पाठ करू नका, पायऱ्या पाठ करा. खरेदीच्या दिवशी दोनच गोष्टी विचारा. माझे पार्सल कोणत्या शीर्षकाखाली दाखवले जाईल आणि आजचा दर काय?

स्विस घड्याळे स्वस्त होणार का?

भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला. तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरचे मूळ शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. वस्तू आणि सेवा कर मात्र राहणार.

इथे बारकावा आहे. सवलत दुकान कुठे आहे त्यावर मिळत नाही, माल कुठला यावर मिळते, आणि ते सांगायला विक्रेत्याकडून उगमाचे घोषणापत्र लागते. डायलवर ‘स्विस मेड’ लिहिण्यासाठी स्वित्झर्लंडचा स्वतःचा नियम आहे. १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या निर्मितीखर्चातला किमान ६० टक्के भाग त्या देशात व्हावा लागतो. पण डायलवरचे अक्षर म्हणजे घोषणापत्र नव्हे. सिंगापूरच्या दुकानातून घेतलेल्या स्विस घड्याळासोबत तो कागद नसेल, तर करारातली सवलत कागदाअभावी हुकते. पुन्हा गोष्ट कागदावरच येते.

पार्सलचा प्रवास

टपालाने आलेले पार्सल हातात घेऊन पाहा. त्यावर १३ अक्षरांचा क्रमांक असतो. आधी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. सुरुवातीचे अक्षर सेवा सांगते. ‘आर’ म्हणजे नोंदणीकृत, ‘ई’ म्हणजे जलद टपाल, ‘सी’ म्हणजे पार्सल. नऊ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिताना चूक झाली तर संगणक ती लगेच पकडतो. १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेमुळे टोकियोत चिकटवलेला क्रमांक जालन्याच्या मुख्य टपाल कार्यालयातही तसाच वाचता येतो.

क्रमांकाशेजारी सीमाशुल्काची चिठ्ठी असते. कमी किमतीच्या वस्तूंना छोटी, सीएन २२. जास्त किमतीला मोठी, सीएन २३. तिच्यात वस्तूचे नाव, वजन, किंमत आणि विक्री की भेट हे लिहायचे असते. मुंबईच्या विदेश डाक कार्यालयातला अधिकारी सगळ्यात आधी हीच चिठ्ठी वाचतो. शंका आली तर पार्सल उघडतो, बिल मागतो, मोल ठरवतो. मग पार्सल जालन्याला येते आणि शुल्क भरून, टपाल खात्याची पावती घेऊन ते सोडवायचे.

कुरिअरची रीत निराळी. पार्सल मुंबईच्या विमानतळावरच्या कुरिअर टर्मिनलवर पोहोचले की कंपनी तुमच्याकडे ओळखपत्र, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागते. हा निरोप येताच उत्तर द्या. उत्तर नाही गेले तर पार्सल तिथेच पडून राहते, त्यावर जागाभाडे चढते आणि शेवटी ते परत जाते. मात्र शुल्काच्या नावाने आलेल्या प्रत्येक लिंकवर पैसे भरू नका. फसवणूक करणारेही असेच निरोप धाडतात. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकून खात्री करा, मगच भरा.

टपाल वेळ घेते, पण त्याचा इतर खर्च कमी. कुरिअर वेगवान, पण सेवाशुल्क जास्त. महाग घड्याळासाठी विमा आणि सही घेऊन सुपूर्द करण्याची सोय असलेला मार्गच निवडावा.

दहा डॉलरचे घड्याळ

काही विक्रेते आपण होऊन म्हणतात, ‘चिठ्ठीवर दहा डॉलर लिहितो, किंवा भेट लिहितो, शुल्क लागणार नाही.’ नम्रपणे पण ठाम नकार द्या. याची कारणे तीन.

पहिले, कायदा. खोटी किंमत लिहिलेला माल कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो. तो सोडवायचा तर शुल्काशिवाय दंडही पडू शकतो.

दुसरे, भेटीची सवलत आता उरलेली नाही. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तू बंद केल्या. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. अमेरिकेतल्या मुलाने वडिलांना प्रेमाने पाठवलेले घड्याळही पूर्ण शुल्क भरूनच येते. राखी पौर्णिमेला बहिणीची राखी येईल, तिच्यासोबतचे घड्याळ शुल्काविना येणार नाही.

तिसरे कारण सगळ्यात व्यवहाराचे. घड्याळ वाटेत हरवले तर भरपाई चिठ्ठीवरच्या किमतीची मिळते. २० हजारांचे घड्याळ दहा डॉलरचे लिहिले असेल, तर हाती दहा डॉलर येतील. शुल्क वाचवण्याच्या नादात सगळी किंमतच उघड्यावर टाकल्यासारखे होते.

जुने घड्याळ, मगरीचा पट्टा

जुन्या घड्याळांचे शौकीन वाढले आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र अजून टिकटिकते आहे, हे पाहून जीव हरखतो. पण आपल्या विदेश व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात मर्यादित आहे. तिला परवानगी लागते. विक्रेत्याच्या वर्णनात ‘वापरलेले’ किंवा ‘जुने’ असेल तर पैसे भरण्याआधी हा मुद्दा सोडवून घ्या.

पट्ट्याकडेही पाहा. मगरीच्या किंवा तिच्या जातकुळीतल्या प्राण्यांच्या कातड्याचा पट्टा असेल तर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, साइट्सचा, परवाना लागतो. भारत १९७६ पासून या करारात आहे. अनेक दुकाने विचारल्यावर गाईच्या कातड्याचा किंवा पोलादी पट्टा लावून पाठवतात. तो पर्याय घ्या.

स्मार्टवॉच असेल तर त्यातल्या लिथियम बॅटरीला विमान वाहतुकीचे वेगळे नियम लागतात. म्हणून काही देशांचे टपाल ते घेत नाही, आणि पार्सल कुरिअरनेच यावे लागते. किल्लीच्या किंवा आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळाला ही अडचण नाही.

स्वतः आणलेले, दुरुस्तीला धाडलेले

आखातातून किंवा युरोपातून स्वतः घड्याळ आणणाऱ्यांना बॅगेजचे नियम लागतात. २०१६ च्या नियमांत परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू विनाशुल्क आणता येत होत्या. निघण्याच्या दिवशीची मर्यादा पाहून घ्या. तिच्यापेक्षा जास्त मोलाचे घड्याळ असेल तर विमानतळावर लाल वाटेने जा आणि जाहीर करा. आणि इथून जाताना आधीच महाग घड्याळ मनगटावर असेल, तर निघतानाच सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना ‘हे माझेच, इथूनच नेलेले’ हे तोंडाने नव्हे, कागदाने सांगता येते.

घड्याळ परदेशी कारखान्यात दुरुस्तीला पाठवायचे असेल तरी हीच रीत. मागच्या झाकणावरचा क्रमांक टिपून, फोटो काढून, निर्यातीची नोंद करून पाठवले आणि तीन वर्षांच्या आत परत आले, तर शुल्क पूर्ण किमतीवर न लागता दुरुस्तीचा खर्च, विमा आणि वाहतूक यांवर लागते. नोंद न करता पाठवले तर ते परत येताना नवे घड्याळ ठरण्याची भीती.

नाका जालन्यात

२५ डिसेंबर २०१५ रोजी जालन्याजवळ ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदराचा हा प्रकल्प. ड्रायपोर्ट म्हणजे समुद्र नसलेले बंदर. कंटेनर न्हावाशेव्याला उतरतो, मोहोरबंद अवस्थेत इथे येतो आणि सीमाशुल्काची तपासणी इथेच होते. मुंबईला ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या समृद्धी महामार्गाने जवळ आणले, तर या प्रकल्पाने नाकाच जालन्यात आणायचे ठरवले आहे. आपल्या एका घड्याळाचे पार्सल या वाटेने येणार नाही. पण ज्या गावाने करोडगिरीचा नाका पाहिला, त्याच गावात उद्याची पिढी बिल ऑफ एंट्री भरायला शिकेल, शीर्षकांचे क्रमांक वाचेल, माल सोडवेल. हे ज्ञान जालन्याला परके राहू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून शेवटचे सांगणे साधे आहे. घड्याळ आले की डबी उघडा, आतली मऊ उशी उचला आणि तिच्याखाली तीन कागद घडी करून ठेवा. विक्रेत्याचे बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि शुल्काची पावती. घड्याळ तुमच्या मनगटावर, पुढे मुलाच्या किंवा सुनेच्या मनगटावर फिरेल. कुणी विकेल, कुणी दुरुस्तीला नेईल, कुणी परदेशी जाताना घालेल. कलम १२३ मधला तो प्रश्न जेव्हा कधी विचारला जाईल, तेव्हा उत्तर त्या उशीखाली तयार असेल.